बॉक्सिंगमध्ये कोणता ठोसा अडवणं सगळ्यात कठीण? पहिल्यापेक्षा दुसऱ्याला सांभाळा

नागपूर : एप्रिल २०२१ मध्ये पोलंडच्या कील्त्से शहरात युवा जागतिक बॉक्सिंग स्पर्धा झाली. त्यात आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं ८१ किलोंवरच्या गटात सुवर्णपदक मारलं. फायनलला समोर मोल्दोवाची दारिया कोझोरेझ होती. निकाल लागला ५-०. पुढच्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, कझाकस्तानातल्या एलोर्डा कपच्या फायनलमध्ये अल्फियानं २०१६ ची जगज्जेती लज्जत कुंगेइबायेवा हिला हरवलं. तोही निकाल ५-०.

हे ५-० म्हणजे फुटबॉलसारखे पाच गोल नव्हेत. रिंगच्या भोवती पाच जज बसलेले असतात आणि पाचही जणांनी एकाच खेळाडूला विजयी ठरवलं की ५-० होतं. म्हणजे दोन्ही वेळी समोरची पोरगी आडवी पडली म्हणून निकाल लागला नाही. तिच्या अंगावर स्वच्छ ठोसे बसले, ते जजना दिसले आणि त्यांनी गुण दिले. ८१ किलोंवरचा गट म्हणजे सगळ्यात वजनदार गट. तिथं एक दणका दिला की खेळ खल्लास, असं आपल्याला वाटते. पण तिथंही गणित हेच असते : समोरच्याला अडवता न येणारे ठोसे कोण जास्त मारतो.

मग अडवायला सगळ्यात कठीण ठोसा कोणता? गावागावांतले पोट्टे रील्स पाहून यावर भांडत असतात. कोणी म्हणते अपरकट, कोणी म्हणते हुक, कोणी माइक टायसनचं नाव घेते. (मराठीत पंच म्हणजे निर्णय देणारा माणूसही होतो, म्हणून गोंधळ नको. या लेखात मारण्याला ठोसा म्हणू आणि गुण देणाऱ्याला जज.)

उत्तर आधीच सांगून टाकतो. नवख्यासाठी सगळ्यात कठीण ठोसा जॅब. शिकलेल्या खेळाडूसाठी डोक्यावर मारायचं सोंग करून लिव्हरवर येणारा डावा हुक. आणि मुरलेल्या खेळाडूसाठी काउंटर, म्हणजे तो स्वतः मारत असताना त्याला बसणारा ठोसा. तिघांमागचं कारण एकच आहे आणि ते समजलं की टीव्हीवरची लढत वेगळीच दिसायला लागते.

ठोसा किती वेळात पोचतो?

१९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा यंत्रावर मोजला. हाच ब्रुनो पुढं जगज्जेता झाला. त्याची मूठ अर्धा मीटरभर अंतर कापून निशाण्यावर आदळली आणि त्याला लागला सेकंदाचा दहावा भाग. वेग होता सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे तासाला साधारण ३२ किलोमीटर. मोटारसायकल गावातून हळू चालवतो ना, तेवढाच. पण अंतर अर्ध्या मीटरचं असल्यावर हा वेग भयंकर होतो. त्या धडकेचा जोर त्यांनी असा समजावला : ६ किलोचा, गादी बांधलेला लाकडी हातोडा तासाला २० मैलांच्या वेगानं फिरवून मारावा, तसा.

आता आपल्या शरीराचं बघा. डोळ्याला काही दिसलं, मेंदूनं ओळखलं आणि हात हलला, एवढ्याला चांगल्या तरुण माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे ठोसा ०.१ सेकंदात येतो आणि तुमचा हात हलायला ०.२ सेकंद लागतात. मूठ निघालेली पाहून तुम्ही अडवायला गेलात तर तोवर ती लागूनही गेलेली असते.

क्रिकेटशी तुलना करा. आपल्या खापरखेड्याकडचा उमेश यादव १४० च्या वेगानं टाकत होता. तो चेंडू बॅट्समनपर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदाच्या चेंडूला आपण "दिसलाच नाही" म्हणतो. बॉक्सरला तर त्याच्या पाचव्या हिश्श्यात निभवायचं असते.

मग बॉक्सर ठोसे अडवतात तरी कसे? ते मुठीकडे बघून अडवत नाहीत. मूठ निघायच्या आधी खांदा हलतो, कंबर वळते, मागच्या पायाची टाच उचलते, छातीचा रोख बदलतो. ही लक्षणं ओळखून ते अंदाज बांधतात. कबड्डीत मुरलेला कव्हर रेडरच्या डोळ्याकडे बघत नाही, कमरेकडे बघतो, तसंच हे. डोळे खोटं बोलू शकतात, कमरेला खोटं बोलायला जड जाते.

म्हणजे बचाव हा सगळा अंदाजाचा खेळ झाला. आणि अंदाज म्हटला की तो चुकवता येतो. कोणता ठोसा कठीण, या प्रश्नाची किल्ली इथं आहे. ज्या ठोशाची चाहूल कमी लागते, किंवा ज्याची चाहूल दुसऱ्याच ठोशासारखी लागते, तो अडवायला कठीण.

जॅब : दिसायला साधा, पण सुटका नाही

जॅब म्हणजे पुढच्या हातानं मारलेला सरळ ठोसा. उजवखुरा खेळाडू डावा पाय आणि डावा हात पुढं ठेवून उभा राहतो, त्यामुळे त्याचा जॅब डाव्या हाताचा. ताकद यात कमी असते. रील बनवणारे म्हणून जॅबचा व्हिडिओ टाकत नाहीत.

पण वर सांगितलेलं गणित याला लावून बघा. पुढचा हात आधीच समोरच्याच्या तोंडाजवळ असतो, अंतर सगळ्यात कमी. मारायला कंबर वळवावी लागत नाही, मागचा पाय फिरवावा लागत नाही. म्हणजे चाहूलही सगळ्यात कमी. मारून हात लगेच परत येतो, त्यामुळे चुकला तरी मारणाऱ्याचं नुकसान थोडं. एकामागं एक तीन जॅब टाकता येतात. तुम्ही पहिला अडवता, दुसरा अडवता, तिसऱ्याला वैतागता.

जॅबचं दुसरं काम तर अजून बेरकी आहे. जॅबचा ग्लोव्ह क्षणभर तुमच्या डोळ्यासमोर येतो. १० किंवा १२ औंसाचा, म्हणजे पावणेतीनशे ते साडेतीनशे ग्रॅमचा तो गबदुल ग्लोव्ह डोळ्यासमोर आला की मागून येणारा उजवा हात दिसतच नाही. याला वन-टू म्हणतात. डाव्यानं पडदा टाकायचा, उजव्यानं मारायचं.

जॅबबद्दल मोहम्मद अलीचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जानेवारी १९८० मध्ये अली दिल्लीला आला होता आणि पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातल्या कौर सिंग या शेतकऱ्याच्या पोरासोबत तो प्रदर्शनी लढत खेळला. कौर सिंग फौजेत होते, पुढं १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांनी हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. अलीचं वय तेव्हा ३८, उतरतीचा काळ. तरी त्याच्या हाताच्या वेगाची गोष्ट कौर सिंग पुढं कितीतरी वर्षं सांगत.

दोन हात, पण दारं जास्त

बॉक्सरकडं बचावाला हात दोनच. सांभाळायचं मात्र किती? हनुवटी, दोन्ही कानशिलं, नाक, पोटाचा मध्य, दोन्ही बरगड्या. घराला सात दारं आणि कुलपं दोन, अशी ही गत आहे. एका दाराला कुलूप लावायला गेलात की दुसरं उघडं पडते. चांगला बॉक्सर पहिला ठोसा मारतो तो तुमचं कुलूप हलवण्यासाठी. खरा ठोसा दुसरा असतो.

हुक घ्या. हात कोपरात वाकवून बाजूनं फिरवलेला हा ठोसा. सरळ ठोसे अडवायला तुम्ही दोन्ही ग्लोव्ह तोंडासमोर जुळवले की समोरून भिंत तयार होते, पण कानाजवळची बाजू उघडी पडते. आणि माणसाची नजर समोर जशी तेज असते तशी कडेला नसते. रस्ता ओलांडताना समोरचा ट्रक दिसतो, बाजूच्या गल्लीतून आलेली मोटारसायकल अंगावर आल्यावर कळते. हुकचं तसंच. ८ मार्च १९७१ ला न्यू यॉर्कमध्ये जो फ्रेझियरनं अलीला शेवटच्या, पंधराव्या राउंडमध्ये खाली पाडलं ते डाव्या हुकनंच. अली उठला, पण ती लढत हरला. अलीसारख्या चपळ माणसालाही बाजूनं आलेला हात चुकवता आला नाही.

ओव्हरहँड म्हणजे मागच्या हातानं वरून कमानीसारखा टाकलेला ठोसा. उंच खेळाडू जॅब मारतो तेव्हा ठेंगणा खेळाडू त्याच्या हाताच्या वरून हा टाकतो. इथंही तीच गोष्ट, हात नजरेच्या वरून येतो. मात्र याला वळण मोठं असल्यामुळे वेळ जास्त लागतो. ज्याची नजर तयार आहे तो मागं सरकून याला सहज हवेत घालवतो, आणि मारणारा स्वतःच तोल जाऊन उघडा पडतो. नवशिके हाच ठोसा सगळ्यात जास्त मारतात.

अपरकट खालून वर येतो, दोन्ही हातांच्या मधल्या फटीतून हनुवटीवर. वाकून, डोकं खाली घालून बचाव करणाऱ्याचा हा काळ. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर २९ एप्रिल २०१७ ला ९० हजार लोकांसमोर अँथनी जोशुआनं व्लादिमीर क्लिच्कोला अकराव्या राउंडमध्ये जो उजवा अपरकट मारला, तो मोबाईलवर हळू करून पाहा. क्लिच्कोचा बचाव काही ढिला नव्हता. ठोसा नुसता त्याच्या हातांच्या मधून गेला. पण अपरकट जवळूनच लागतो. लांबून मारला तर मारणाऱ्याचंच तोंड उघडं पडते. म्हणून सुटा अपरकट मला काही सगळ्यात कठीण ठोसा वाटत नाही, पोट्टे कितीही भांडोत.

लिव्हरचा ठोसा : डोकं शाबूत, पाय गेले

आता त्या ठोशाकडे येऊ ज्याला शिकलेले खेळाडूही मनातून घाबरतात.

आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली असते. बरगड्या त्याला पूर्ण झाकत नाहीत, खालचा भाग थोडा उघडा राहतो. समोरच्यानं डाव्या हाताचा हुक खाली, शरीरावर मारला की तो नेमका तिथं लागतो. यकृताला धक्का बसला की तिथल्या नसांमधून शरीराला असा काही इशारा जातो की रक्तदाब एकदम खाली येतो, श्वास अडतो आणि पाय आपोआप मोडतात. गंमत म्हणा की भीती म्हणा, डोकं मात्र शाबूत असते. रेफ्री एक, दोन, तीन मोजतो आहे हे ऐकू येते, उठायचंही असते, पण शरीर ऐकत नाही. बऱ्याचदा दुखणं एक क्षण उशिरा येते. खेळाडू ठोसा खाऊन एक पाऊल चालतो आणि मग बसतो. पाहणाऱ्याला वाटते नाटक करतो आहे.

१८ सप्टेंबर २००४ ला लास व्हेगासमध्ये ऑस्कर डे ला होयाचं असंच झालं. ऑलिम्पिक सुवर्णविजेता, अनेक वजनगटांत जगज्जेता झालेला माणूस. नवव्या राउंडमध्ये बर्नार्ड हॉपकिन्सचा डावा हुक त्याच्या लिव्हरवर बसला आणि तो दहाच्या मोजणीत उठू शकला नाही. शुद्ध गेली नव्हती. वैतागून जमिनीवर हात आपटत होता.

हा ठोसा अडवायला कठीण का, तर त्याच्या आधी काय येते ते बघा. उजवं कोपर बरगडीला चिकटवून ठेवलं तर लिव्हर झाकलेलं राहते, हे पहिल्या महिन्यातच शिकवतात. म्हणून मारणारा आधी डोक्यावर मारतो. डाव्याच हातानं एक हुक कानशिलावर टाकतो, किंवा टाकायचं नुसतं सोंग करतो. तुम्ही कान वाचवायला उजवा हात वर नेता. कोपर बरगडीवरून उचललं जाते, चार बोटं, सहा बोटं. तोच डावा हात खाली फिरतो. खांद्याची आणि कमरेची हालचाल दोन्ही ठोशांत जवळपास सारखीच दिसते, त्यामुळे खांदा वाचणाराही इथं फसतो. पहिला ठोसा तुम्ही बरोबर अडवला, म्हणूनच दुसरा लागला. यापेक्षा वाईट काय असेल?

माझ्या मते एकट्या ठोशाला पहिला नंबर द्यायचाच झाला तर यालाच द्यावा लागेल.

डावखुरा समोर आला की शिकलेलं उलटं होते

डावखुरा बॉक्सर, ज्याला साउथपॉ म्हणतात, उजवा पाय पुढं ठेवून उभा राहतो. आपल्या मेरी कोम डावखुऱ्या, अमित पंघाल डावखुरा. जगात उजवे जास्त, त्यामुळे उजव्याचा सराव उजव्यांसोबतच होतो. डावखुऱ्याला मात्र रोज उजवेच भेटतात. श्रीरामपूरच्या जहीर खानसमोर भले भले बॅट्समन अवघडून खेळत होते, कारण चेंडू सवयीच्या बाजूनं येत नव्हता. बॉक्सिंगमध्ये तर ती बाजू थेट तोंडाला भिडते.

डावखुऱ्याचा मागचा डावा हात सरळ सुटतो तेव्हा उजव्या खेळाडूच्या दोन हातांमधली वाट त्याला मोकळी मिळते. उपाय पायात आहे : आपला पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला ठेवायचा. मग त्याचा डावा हात लांबून येतो आणि आपला उजवा सरळ लागतो. हिशेब दुसऱ्या बाजूनंही चालतो. डावखुऱ्याची उजवी बाजू पुढं असते, म्हणजे त्याचं लिव्हर समोरच्याला जवळ पडते.

काउंटर : स्वतःच्या ठोशात सापडणं

बॉक्सिंगमधलं एक साधं सत्य नवख्यांना पटत नाही. माणूस सगळ्यात उघडा कधी असतो? मार खाताना नव्हे, मारताना. एक हात मारायला गेला की बचावाला एकच उरला. वजन पुढं गेलेलं, पाय जमिनीत रुतलेले, मागं सरकायची सोय नाही. त्या वेळी डोक्यात विचारही मारण्याचाच असतो. अशा क्षणी आलेल्या ठोशाला काउंटर म्हणतात. त्यात आपल्या स्वतःच्या वेगाची भर पडते. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या की दोघांचा वेग जमा होतो, तसं.

८ डिसेंबर २०१२ ची मॅनी पॅक्याव आणि हुआन मॅन्युएल मार्केझ यांची लढत याचं सगळ्यात मोठं उदाहरण. दोघांची ही चौथी लढत, एकमेकांचा खेळ पाठ झालेला. सहाव्या राउंडचा शेवटचा सेकंद चालू होता. डावखुरा पॅक्याव हल्ला करत पुढं घुसला आणि मार्केझचा उजवा हात त्याच वेळी सरळ त्याच्या तोंडावर आला. पॅक्याव तोंडघशी पडला, बराच वेळ हलला नाही. मार्केझनं त्या दिवशी काही जादूचा ठोसा शोधून काढला नव्हता. उजव्या हाताचा साधा ठोसा. पण वेळ अशी साधली की पॅक्यावला तो अडवायला हातही नव्हता आणि क्षणही नव्हता.

कधी कधी उलट्या क्रमाचाही असाच फटका बसतो. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासामध्ये अलीनं जॉर्ज फोरमनला पहिल्याच राउंडमध्ये जॅब न मारता थेट मागचा उजवा हात मारायला सुरुवात केली. मागचा हात लांबून येतो, चाहूल जास्त देतो, म्हणून एवढ्या मोठ्या लढतीत कोणी असं करत नाही. कोणी करत नाही म्हणूनच फोरमनला ते अपेक्षित नव्हतं. अवघड ठोसा आणि सोपा ठोसा हा फरक शेवटी समोरच्याच्या अपेक्षेवर येऊन थांबतो.

मग बचाव करायचा कसा?

खांद्याच्या रेषेवर, छातीच्या वरच्या भागावर नजर ठेवा, असं सगळे प्रशिक्षक सांगतात. तिथून दोन्ही खांदे आणि कडेनं कंबरही दिसते. हनुवटी खाली, छातीकडे. मारून झालं की हात खाली लोंबकळत आणू नका, गालापाशी परत आणा. अर्ध्याहून जास्त काउंटर याच आळशीपणाचे असतात, असं मला लढती पाहून वाटते.

पण खरा बचाव पायांचा. हात एका वेळी एकच दार झाकतो, पाय हलले की सगळं घरच जागेवरून हलते. अर्धं पाऊल मागं किंवा बाजूला गेलं की जॅब, हुक, अपरकट, लिव्हरचा ठोसा, सगळेच हवेत जातात. सरळ रेषेत मागं मागं जाऊ नका, दोराला जाऊन चिकटाल. बाजूला वळा. आणि पहिला ठोसा अडवल्यावर तिथंच उभे राहून स्वतःचं कौतुक करू नका. दुसरा येत असतो.

गावात सराव करणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

अल्फियाच्या यशानंतर आपल्या भागात बॉक्सिंगचं नाव झालं. अल्फियाचे वडील नागपूर पोलिसांत आहेत, आणि पोरगी खेळली ती मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारे कितीतरी पोरंपोरी आता ग्लोव्ह्ज घेतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हेही त्यामागचं एक कारण. त्यात वाईट काही नाही. फक्त त्यासाठी कोणत्या स्पर्धेतलं यश धरलं जाते आणि प्रमाणपत्राची पडताळणी कशी होते, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्या. गल्लीतल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कपाटात राहते.

काळजी वेगळीच आहे. व्हिडिओ पाहून दोन मित्र शेताच्या बांधावर एकमेकांच्या लिव्हरवर ठोसे मारून "खरंच पडते का" हे बघतात. असं अजिबात करू नका. रिंगमध्ये तो ठोसा खाणाऱ्याच्या पोटाचे स्नायू वर्षानुवर्षं तयार झालेले असतात, समोर ग्लोव्ह असते, बाजूला रेफ्री आणि डॉक्टर असतात. उघड्या मुठीचा तसाच मार पोटाच्या आत रक्तस्राव करू शकतो. मार लागल्यानंतर पोट दुखणं वाढत गेलं, चक्कर आली, अंग गार पडलं तर लिंबूपाणी देत बसू नका, दवाखाना गाठा.

डोक्याच्या माराबद्दल अजून एक गैरसमज आहे. हेडगार्ड घातलं की डोकं सुरक्षित, असं वाटते. हेडगार्डनं भुवई फुटत नाही, कातडी फाटत नाही. पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो हलतोच. डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलताना अडखळणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरकडे न्या. डोक्यावरच्या ठोशानं लढत थांबवली गेली तर निदान ३० दिवस रिंगबाहेर बसवायची पद्धत आंतरराष्ट्रीय बॉक्सिंगमध्ये उगीच नाही. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर जीवावर बेतू शकते. दुसऱ्या ठोशाचा हा अर्थ पोरांच्या डोक्यात पक्का बसवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे, आणि प्रशिक्षक नसेल तर आईवडिलांचं.

पोरगं क्लासला घालताना एवढं बघा : पहिले काही आठवडे तिथं पाय आणि बचाव शिकवतात की आल्या दिवशीच दोघांना भिडवतात? तोंडात माउथगार्ड, हाताला पट्टी, सारख्या वजनाचा जोडीदार, हे सगळं आहे का? ४५ किलोच्या पोराला ६० किलोच्या पोरासमोर उभं करणाऱ्या ठिकाणाहून पोरगं घरी आणा.

ग्लोव्ह्जशिवाय नजर तयार करायचा खेळ

नजर आणि पाय तयार करायला पैसा लागत नाही. अंगणात दोघं समोरासमोर, हाताच्या अंतरावर उभे राहा. मुठी नाही, हात उघडे. एकमेकांच्या खांद्याला फक्त हात लावायचा, मारायचं नाही. दोन मिनिटं खेळा, एक मिनिट थांबा, तीन वेळा. दुसऱ्या आठवड्यापासून कमरेच्या बाजूला हात लावायलाही परवानगी द्या. मग आपोआप दिसेल की खांदा वाचवायला गेलेला हात कमर उघडी टाकतो. तिसऱ्या आठवड्यात नियम बदला : स्वतःहून कोणी पहिला हात लावायचा नाही, समोरचा लावायला आला की त्याच क्षणी लावायचा. लहान भाऊ-बहीण, शाळेतली पोरं, कोणीही खेळू शकते. मोबाईल बाजूला ठेवून कोणाला तरी मोजायला बसवा, आणि कोणाला जास्त स्पर्श झाले ते मोजण्यापेक्षा कोणता स्पर्श पहिला होता आणि कोणता दुसरा, ते वहीत लिहायला सांगा.